पात्याला नुसतं पाणी देऊन भागत नाही

वर एकांनी लिहिलंय की रोटाव्हेटरचं (ट्रॅक्टरमागे जोडून माती भुसभुशीत करायच्या यंत्राचं) पातं जितकं कडक, तितकं जास्त टिकतं. मला हे पटत नाही. आमच्या खटावच्या मुरमाड रानात नुसतं पाणी दिलेलं (म्हणजे लाल तापवून एकदम गार करून कडक केलेलं) पातं दुसऱ्याच दिवशी बोल्टाच्या भोकापाशी काचेसारखं तुटलं. तुटलेली कड करड्या दाण्यांची, जराही वाकलेली नाही.

कमानपाट्याचं (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीचं) पोलाद असेल तर साधारण 850 अंशांपर्यंत तापवा (चुंबक चिकटायचा थांबतो, त्याच्याही थोडं वर) आणि तेलात विझवा. पाण्यात त्याला चिरा जातात. मग फार वेळ न घालवता पुन्हा 400-450 अंशांवर तासभर ठेवा. कडकपणा थोडा उतरतो खरा, पण दगडाचा मार सोसतो. लोहारकाकांना हे दुसरं तापवणं आवर्जून सांगा, घाईत तेच राहून जातं.