मदत हवी आहे: थिएटरातल्या भुताचा माग कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरातल्या ‘करड्या झग्यातल्या माणसा’वर टिपण लिहायला घेतलंय आणि अडकलोय.

तिकोनी टोपी, पावडर लावलेला केसांचा टोप, कमरेला तलवार. हा गृहस्थ म्हणे वरच्या बाल्कनीत दिसतो, तोही दिवसाढवळ्या. रांगेतून चालत जातो आणि भिंतीत विरतो. तो दिसला की नाटक चालणार, असं नटमंडळी मानतात. (असलं भूत कुठल्या निर्मात्याला नको असेल!) भिंतीमागे बरगडीत खंजीर रुतलेला सांगाडा सापडल्याची जोडकथाही आहे. पण तिथलं पहिलं थिएटर १६६३ चं, आताची इमारत १८१२ ची. मग अठराव्या शतकातला पोशाख घातलेलं भूत या नव्या भिंतींत कसं रुळलं?

सांगाड्याच्या गोष्टीचा त्या काळच्या वर्तमानपत्रांत शोध घ्यायचा तर सुरुवात कुठून करावी? कुणी असं काम केलं असेल तर वाट दाखवा.

दुसरं, विंगेत काम केलेल्यांसाठी. खेळ संपल्यावर रिकाम्या रंगमंचावर एकच दिवा जळता ठेवतात. अंधारात कुणी वादकांच्या खड्ड्यात पडू नये हे कारण पटतं, पण भुतांसाठी ठेवतात असंही सांगतात. तुम्हाला काय सांगितलं होतं?

मी स्वतः एकदा रिकाम्या प्रेक्षागृहात खुर्चीची बैठक खटकन मिटलेली ऐकली आहे. स्प्रिंगच असणार. तरी उरलेलं सामान मी सकाळीच आवरलं.