अर्धांगवायूनंतरच्या हाताच्या व्यायामासाठी व्हीआर खेळ: कमरेतून झुकणे कसे ओळखावे? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी इंदूरला रामबागेत राहतो आणि सॉफ्टवेअर अभियंता आहे. आठ महिन्यांपूर्वी माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला व शरीराची डावी बाजू लुळी पडली. पाय बराच सुधारला असून ते काठी घेऊन चालतात. डावे कोपर मात्र पूर्ण सरळ होत नाही आणि बोटे आवळलेलीच राहतात. फिजिओथेरपिस्ट ताई आठवड्यातून तीनदा येतात, परंतु एरवी त्याच त्या हालचाली करायला बाबा कंटाळतात, म्हणून मी मेटा क्वेस्ट या व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटसाठी युनिटी या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक लहानसा खेळ तयार केला आहे. त्यात ओट्यावरची पोह्यांची बशी उचलून गिऱ्हाइकाला द्यायची असते. (वर जिरावन मसाला भुरभुरण्याची पायरी बाबांनीच सुचवली, आणि तिच्यामुळे मनगट फिरवण्याचा व्यायामही आपोआप होतो.)

यातून चमत्कार घडेल अशी माझी समजूत नाही. २०१७ सालच्या कॉक्रेन समीक्षेत (वैद्यकीय चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात) अर्धांगवायूनंतरच्या व्हीआर उपचारांच्या ७२ चाचण्या तपासल्या होत्या. नेहमीच्या उपचारांऐवजी व्हीआर वापरल्याने हाताला अधिक लाभ होतो असे त्यात आढळले नाही. त्या उपचारांना व्हीआरची जोड देऊन सरावाचा एकूण वेळ वाढवला, तेव्हा मात्र फरक दिसला. मलाही तेवढेच साधायचे आहे.

अडचण अशी आहे की कोपर पुरत नाही तेव्हा बाबा कमरेतून पुढे झुकतात, खांदा उचलतात आणि बशी गाठतात. खेळाला केवळ हाताचे स्थान कळत असल्यामुळे तो आनंदाने गुण देऊन मोकळा होतो. ताईंनी हे पहिल्याच दिवशी हेरले आणि हा खेळ बाबांना कोपर न वापरण्याचीच सवय लावील, असे स्पष्ट सांगितले.

हेडसेट किती पुढे सरकला यावरून झुकणे मोजून पाहिले, पण नुसती मान वाकवून बशीकडे पाहिले तरी चुकीची सूचना मिळते. आवळलेली मूठ हेडसेटच्या कॅमेऱ्यांना नीट ओळखता येत नाही, त्यामुळे डावा कंट्रोलर (हेडसेटसोबतचे हातात धरायचे उपकरण) मी वेल्क्रोने हातालाच बांधतो. मोकळा राहिलेला उजवा कंट्रोलर आता छातीला बांधला आहे. तो कॅमेऱ्यांच्या नजरेआड गेला की त्याचे स्थान भरकटते, तिरकेपणा मात्र आतल्या जायरोस्कोपमुळे (फिरणे मोजणाऱ्या सेन्सरमुळे) बऱ्यापैकी कळत राहतो. धड खुर्चीला पट्ट्याने बांधण्याचा उपाय ताईंनी सुचवला होता, पण बाबांना तो अपमानास्पद वाटतो.

फिजिओथेरपी किंवा व्यवसायोपचार क्षेत्रातील सदस्यांना विचारावेसे वाटते की, बशी हाताच्या टप्प्यात असताना छाती किती अंश झुकेपर्यंत ती हालचाल ग्राह्य धरावी? मर्यादा ओलांडल्यावर गुण रोखणे योग्य, की बशीच थोडी जवळ आणावी? गुण रोखले की बाबा चिडून हेडसेट काढून ठेवतात, हे माझे दोन दिवसांतले निरीक्षण आहे. छातीच्या तिरकेपणासाठी कोणी स्वस्त, वेगळा सेन्सर वापरला असल्यास तो कपड्यांवर कसा बसवला, तेही कृपया लिहावे.