मदत हवी आहे: रक्तदान शिबिरात निम्म्या पोरी 'रक्त कमी' म्हणून परत, आता पुढं काय?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या एका कॉलेजात एसवायला आहे, एनएसएसची विद्यार्थिनी प्रतिनिधी. मागच्या आठवड्यात आमच्याकडं रक्तदान शिबिर झालं. पोस्टर, केळी, बिस्किटं सगळं आम्हीच बघितलं आणि मुलींची नावं मी वर्गावर्गात फिरून गोळा केलेली. टेबलावर बोटाला टोचून एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, बघत होते आणि एकीमागून एक पोरी परत. द्यायला १२.५ लागतं, इथं कुणाचं १०, कुणाचं ११, दोघीतिघींचं तर वजनच ४५ भरेना. निम्म्याच्या वर गेल्या परत. आणि गळ्यात बॅज घालून सगळ्यांना "घाबरू नका गं" म्हणणारी मी, माझं ९.६! सर्दी झालीय म्हणून देत नाही असं ठोकून दिलं सगळ्यांना.

परत जाणाऱ्या प्रत्येकीला एकच, "पालेभाज्या खा, पुढच्या वर्षी या". विषय संपला. मागच्या वर्षी पण हेच झालेलं.

आमच्याकडच्या बऱ्याच पोरी खेड्यातून येतात, पहिल्या एसटीला. उठून स्वैपाकाला हात लावायचा, भावाचा डबा भरायचा आणि स्वतः चहा बिस्किटावर निघायचं, मग दुपारी कॅन्टीनला पुन्हा चहा. माझ्या बाकावरची एक पाटीवरची पेन्सिल खाते, पाकीटच असतं पर्समध्ये, आम्ही हसायचो तिला. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया आहे, हा २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला आकडा मी गेल्या वर्षी भाषणाला पाठ केलेला, टाळ्या पण मिळाल्या होत्या.

आता सरांचं म्हणणं आरोग्य सप्ताह घेऊ, एक व्याख्यान, रांगोळी, रॅली, कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, नॅकच्या फायलीला फोटो होतील. घेऊ की, रांगोळीला माझी ना नाही, पण त्यानं कुणाचं रक्त वाढणारय? वर ते म्हणाले ज्यांचं कमी आलं त्यांची यादी ग्रुपवर टाक. त्या ग्रुपवर पोरं पण आहेत. मी अजून टाकलेली नाही आणि टाळते पण किती दिवस. एकीची आई तर आत्ताच म्हणाली की हे बाहेर कळू देऊ नका, उद्या स्थळ येईल तेव्हा कोण काय बोलेल.

शाळेत असताना लोहाच्या निळ्या गोळ्या मिळायच्या आठवड्याला, निम्म्या जणी खिडकीतून फेकायच्या, मळमळतं म्हणून, आणि त्या मुलं न होण्याच्या गोळ्या आहेत अशी अफवा होती ती वेगळीच. तर कॉलेजात हे कुणी नीट केलंय का? गोळ्या कुठून आणायच्या, पोरींनी त्या खाव्यात म्हणून काय करायचं, आणि यादीचं काय करू? बजेट म्हणाल तर चहापाण्याचं.

---

पांढरी साडी:
ग्रामीण रुग्णालयात सिस्टर आहे, २० वर्षं झाली. आधी एक समजून घे बाळा, १२.५ हा रक्त देण्याचा आकडा आहे, अ‍ॅनिमिया १२ च्या खाली म्हणतात, त्यामुळं परत आलेली प्रत्येक पोरगी आजारी नाही. पण ८ च्या खाली कुणी असेल तर गोळ्या वाटून भागवू नका, डॉक्टरकडंच न्या. बाकीच्यांची पण सीबीसी, म्हणजे रक्ताची पूर्ण तपासणी, करा, सरकारी दवाखान्यात होते. गोळी जेवणानंतर घ्यायची, तासभर आधी नंतर चहा नको, लिंबू चालतं. शी काळी होते, हे आधीच सांगायचं, नाहीतर घाबरून बंद करतात. पाळीत जास्त जातं का, जंत आहेत का हेही विचारा. गोळ्या खाऊनही वाढत नसेल तर थॅलेसेमिया मायनर, म्हणजे रक्ताचा जन्मजात दोष, असू शकतो, तो बघायला लागतो. आणि पेन्सिलवालीला हसू नका, रक्त कमी असलं की असलं खावंसं वाटतं, तिला आधी आण.

भुईचक्र:
बीट खा की, लालभडक रक्त वाढतं.

पांढरी साडी:
@भुईचक्र, बिटाचा रंग लाल, लोह बेताचंच. त्यापेक्षा हुलग्याचं माडगं प्या, हरभऱ्याची भाजी खा.

माजी_जीएस:
यादी टाकू नकोस. सरांना नुसता आकडा दे, इतक्या तपासल्या इतक्या कमी निघाल्या, रिपोर्टला तेवढं पुरतं, नावं तुझ्या वहीत. आमच्याकडं सोमवारी गोळी ठेवली आणि फसलो, निम्म्या जणींचा उपवास, उपाशीपोटी घेतली की उलट्या. मग बुधवार केला, सगळ्या डबा खायला एकत्र बसायच्या आणि शेवटच्या घासाला गोळी. एकटीला लाज वाटते, घोळक्यात नाही वाटत. व्याख्यानाच्या पैशात शेंगदाणे-गूळ आणा.

धागाकर्ती:
सगळ्यांना थँक्यू खरंच. बुधवारचं डोक्यातच आलं नसतं, माझा स्वतःचा गुरुवार असतो. उद्या दवाखान्यात जातेय, पेन्सिलवाली येते म्हणालीय, माझं ९.६ सांगितलं तेव्हा तयार झाली. सिस्टर, सीबीसीला उपाशीपोटी यावं लागतं का?

पांढरी साडी:
नाही. दोघी जेवून जा.