मदत हवी आहे: गोळी आणि ठोकळा, संवेगाचा नियम नेमका कुठे लावायचा?

नमस्कार मंडळी. भाची अकरावीला सायन्सला आहे, तिला मी फिजिक्स शिकवते. बॅलिस्टिक पेंड्युलमवर (टांगलेल्या ठोकळ्यात गोळी घुसते आणि तो किती उंच झुलतो त्यावरून गोळीचा वेग काढतात) गाडी अडली आहे. बंदुकीच्या गोळीचा वेग मोजण्याची ही युक्ती बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये मांडली.

गणित असं: १० ग्रॅमची गोळी ४०० मी./से. वेगाने दोरीला टांगलेल्या १.९९ किलोच्या लाकडी ठोकळ्यात घुसून अडकते. संवेग (वस्तुमान गुणिले वेग) ४ किग्रॅ·मी./से., म्हणून दोघांचा मिळून वेग २ मी./से. आणि ठोकळा चढतो ती उंची साधारण २० सेंमी. पण गतिज ऊर्जा सरळ अक्षय्य धरली तर उंची जवळजवळ ४१ मीटर येते! ८०० जूलपैकी ७९६ जूल लाकूड फाटण्यात आणि उष्णतेत जातात, हे तिला पटलं.

तिचा खरा प्रश्न पुढचा आहे, आणि मला तो फार आवडला: दोरीचा ताण बाह्य बल आहे, मग टक्करीत संवेग टिकतो कसा? धडकेच्या क्षणी दोरी उभी असते, त्यामुळे ताणाचा आडव्या दिशेतला आवेग (बल गुणिले वेळ) नगण्य, असं मी सांगितलं. पण ठोकळा त्या क्षणातही थोडा सरकतोच, यावर ती ठाम आहे.

हे आकड्यांनिशी कसं दाखवाल? घरी करता येईल असा प्रयोग असेल तर तोही कृपया सांगा.