नळावरचे पांढरे डाग: घरातल्या कशाने निघतात?

वाघोलीवाली
दिवाळीनंतर वाघोलीला राहायला आलो. पाणी बोअरचं, कमी पडलं की टँकर. बाथरूमचे नवेकोरे नळ आता पांढरे पडलेत, त्यातही गरम पाण्याचा जास्तच. शॉवरची निम्मी भोकं बुजलीत आणि उरलेल्यांतून धार भिंतीवर जाते. व्हिडिओ बघून बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून लावलं. फेस मस्त आला, डाग जिथल्या तिथे. कामवाल्या ताई म्हणतात, संडासाचं अ‍ॅसिड आणा. आणू का?

सांगलीची काकू
अगं, सरबताला पिळलेलं लिंबू फेकू नकोस. सालीची आतली बाजू नळावर घास, थोडा वेळ तशीच राहू दे, मग धू. आमच्याकडे रोजचं हेच. जुनाट थर मात्र लिंबाला दाद देत नाही.

नळदुकान, सातारा
ताई, अ‍ॅसिड अजिबात नको. नळ आतून पितळी, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोमचा अगदी पातळ मुलामा. संडासाचं अ‍ॅसिड तो मुलामा खातं. मग लोक काळपट नळ घेऊन दुकानात येतात आणि "माल डुप्लिकेट दिलात" म्हणून माझ्याशी भांडतात. तो नळ परत चकाकत नाही, नवाच घ्यावा लागतो. (धंदा माझाच होतो, तरी सांगतोय.)

तुमचे डाग म्हणजे मुख्यतः चुना. तो आंबटाने विरघळतो आणि सोडा नेमका आंबटपणाच मारतो. तो फेस म्हणजे त्या दोघांचं आपसातलं भांडण, चुन्याच्या वाट्याला काही उरत नाही. नुसतं पांढरं व्हिनेगर घ्या, चायनीजला वापरतो ते. जुन्या बनियनची पट्टी त्यात भिजवून नळाला गुंडाळा आणि अर्ध्या तासाने काढा. रात्रभर ठेवू नका. टूथब्रशने घासा, तारेची घासणी लावाल तर ओरखडे कायमचे. मग भरपूर पाण्याने धुऊन कोरडं पुसा. शॉवरला व्हिनेगरची पिशवी रबरबँडने बांधा, भोकं बुडली पाहिजेत. नळाच्या तोंडाची जाळी फिरवून निघते, ती वाटीत बुडवून ठेवा.

गरम नळ जास्त का खराब होतो? पाणी तापलं की त्यात विरघळलेला चुना बाहेर पडतो. गीझरच्या कॉइलवरही तोच थर असणार. मेकॅनिक आला की उघडून बघायला सांगा.

खाली शहाबादी, कडप्पा किंवा संगमरवर असेल तर व्हिनेगरचा थेंबही सांडू नका. हे दगड चुन्याचेच, त्यांची चकाकी जाते. आणि ब्लीचवालं क्लीनर त्याच वेळी वापरू नका, क्लोरीन वायू सुटतो. छोट्या बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

वाघोलीवाली
दादा, खूप आभार. अजून दोन शंका. बेसिनचा नळ काळा मॅट आहे, त्याला हेच चालेल? आणि आरओचं वाया जाणारं पाणी आम्ही बादलीत साठवून त्यानेच बाथरूम धुतो, ते बरं ना?

नळदुकान, सातारा
काळ्या मॅटला व्हिनेगर नको, त्याचा रंग बिघडतो. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं, बस. आरओचं पाणी फरशीला वापरा, नळाला आणि आरशाला नको. मशीन तुमच्या ग्लासातले क्षार काढून त्याच पाण्यात ढकलतं, म्हणजे बोअरपेक्षाही जास्त क्षाराचं पाणी तुम्ही नळावर ओतताय.

सांगलीची काकू
बघ, तिथेच मेख होती! व्हिनेगरचा वास सोसत नसेल तर ढोकळ्याचं लिंबूसत्त्व घे. चमचाभर पेलाभर कोमट पाण्यात, तेही तेच काम करतं.

वाघोलीवाली
लिंबूसत्त्वाने केलं. शॉवर सुटला. गरम नळाच्या तोंडाशी मात्र एक कडक कडा राहिलीय.

नळदुकान, सातारा
पट्टी परत गुंडाळा आणि ती कडा मऊ पडली की जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने हळू ढकला. सुरी लावू नका.