नवी आवृत्ती तीन पुस्तकांत, पाच महिन्यांत. खोकं कुठं गेलं?

पांढरंसोनं :
मंडळी, डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे एकानं गोष्ट चालवायची आणि बाकीच्यांनी त्यातली पात्रं होऊन फाशांवर खेळायचं, तो खेळ. त्याच्या 2024च्या आवृत्तीतले नियम बरे की वाईट, यावर हा धागा नाही. तो वाद पुष्कळ झालाय. मला बोलायचंय ते बांधणीवर आणि बाजारात आणायच्या पद्धतीवर.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खेळाडूंचं प्लेअर्स हँडबुक 17 सप्टेंबर 2024ला आलं, डाव चालवणाऱ्याचं डंजन मास्टर्स गाइड 12 नोव्हेंबरला, आणि राक्षसांचं मॉन्स्टर मॅन्युअल थेट 18 फेब्रुवारी 2025ला. आपल्या पंचांगानं पहिलं गणपती विसर्जनाला, दुसरं कार्तिकी एकादशीला, तिसरं शिवजयंतीच्या आदल्या दिवशी. प्रत्येकी 384 पानं, प्रत्येकी 50 डॉलरला एक सेंट कमी. म्हणजे एकेक चार हजारांच्या वर, टपाल वेगळं.

आमचा डाव वरूड तालुक्यातल्या एका गावात, काकांच्या छपरीत बसतो. माणसं पाच, पुस्तक एक. परवाचंच सांगतो. जादूगार खेळणारा गडी (मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं) मंत्र शोधत होता. पुस्तकात सगळ्या वर्गांचे (म्हणजे जादूगार, पुजारी अशा पात्रप्रकारांचे) मंत्र एकत्र, अकारविल्हे लावलेले. तेवढ्यात लाइट गेली. बॅटरी एकच, ती पुस्तकावर. तो पानं उलटतोय, पुजारीण खेळणारी माझी आतेबहीण त्याच पुस्तकासाठी थांबलीय, योद्धा भिंतीला टेकून पेंगतोय, आणि मी, म्हणजे डाव चालवणारा, अंधारात बसून राक्षसाला ताटकळत ठेवलंय. पुस्तकात खुणेला लग्नपत्रिकेच्या तीन पट्ट्या आहेत, चौथ्या पानावर हळदीचा डाग. एका फेरीला वीस मिनिटं लागली.

माझं म्हणणं इतकंच, की हे पुस्तक प्रत्येक खेळाडू आपापलं घेणार या हिशोबानं बांधलंय. वर्ग, मंत्र, शस्त्रं, सगळं एका पुठ्ठ्यात. आपल्याकडं टेबलामागं एक प्रत असते, कधी तर तालुक्यामागं एक. 1974ला हाच खेळ पहिल्यांदा आला तेव्हा तीन बारक्या पुस्तिका एका खोक्यात होत्या. दहा डॉलर, हजार प्रती, हातानं भरलेली खोकी. तीन पुस्तिका तीन हातांत जायच्या. मला तेच हवंय : हातागणिक बांधणी, एकच खोकं, एकच दिवस.

छपरीखालचा :
काहून गा भाऊ, एकाच दिवशी बारा-तेरा हजार काढतो कुठून तू? मले तर हे हप्त्याचंच बरं वाटलं. ऑक्टोबरात सोयाबीन, दिवाळीनंतर कापूस, फेब्रुवारीत तूर. तीन पुस्तकं, तीन चुकारे. कंपनीनं आपल्यासाठी केलं असं नाई म्हणत मी, पण पडलं बरोबर. एका खोक्याचे सगळे पैसे एकदम मागितले असते तर घरी बायकोनं खोक्यात मलेच भरलं असतं.

पांढरंसोनं :
चुकाऱ्याचा हिशोब चुकतोय दादा. ज्याच्यावाचून डाव सुरूच होत नाही ते पुस्तक आलं सप्टेंबरात. सप्टेंबरात खिशात फवारणीच्या उधारीची चिठ्ठी सोडून काय असतं? आणि तूर विकली तेव्हा राक्षस आले. तोवर खेळाडूंनी कुणाशी लढायचं, एकमेकांशी?

छपरीखालचा :
जुने राक्षस मेले काय? 2014च्या आवृत्तीचं पुस्तक फेकून दिलं तू? जुनी साहसं नव्या नियमात चालतील असं कंपनीनंच सांगतलं होतं. आमी पाचही महिने जुन्याच भुतांवर काढले, कोणाले काई समजलं नाई.

जुनाखोका :
इतिहास अर्धाच सांगितला म्हणून मध्ये पडतो. 1974च्या त्या खोक्यात फासे नव्हते. वर त्यातच लिहिलं होतं की रानावनातल्या प्रवासासाठी दुसऱ्या एका कंपनीचा बोर्ड गेम आणा, आणि आधीच्या एका युद्धखेळाची नियमपुस्तिकाही जवळ ठेवा. म्हणजे ज्याला तुम्ही पूर्ण खोकं म्हणताय, ते घेऊन माणूस पुन्हा दुकानातच जायचा.

आणि हप्त्यांचं म्हणाल तर पाच महिने काहीच नाहीत. याच खेळाच्या पुढच्या, अॅडव्हान्स्ड नावाच्या आवृत्तीत राक्षसांचं पुस्तक आलं 1977ला, खेळाडूंचं 1978ला, मास्टरचं 1979ला. आधी भूत, मग माणूस, मग देव. लोकांनी दोन वर्षं वाट पाहिली आणि तीच आवृत्ती पुढं दहा वर्षं खेळली.

पांढरंसोनं :
फासे नव्हते हे मान्य. पण पुस्तिका तीन हातांत जात होत्या ना? मी त्याच मुद्द्यावर आहे. वाट पाहण्याचं दुःख मला दुय्यम आहे, रांगेत बसण्याचं मोठं आहे.

जुनाखोका :
फाशांवरून आठवलं, 1979च्या सुमारास फासेच मिळेनात, तेव्हा कंपनीनं नवशिक्यांसाठीच्या बेसिक नावाच्या खोक्यात आकडे छापलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या घातल्या. कापायच्या, पेल्यात टाकायच्या आणि न बघता एक काढायची. आम्ही सुरुवातीला वीस चिंचोक्यांवर आकडे टाकून गडव्यातून काढायचो तेव्हा आपण जुगाड करतोय अशी लाज वाटायची. नंतर कळलं की मूळ कंपनीनंही तेच केलं होतं.

तालुकास्टँड :
माझं दुकान बसस्टँडसमोर आहे. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, झेरॉक्स, आणि एका कप्प्यात हौसेनं ठेवलेले असले खेळ. दुकानदाराच्या बाजूनं दोन शब्द.

खोकं विकायला वाईट. गिऱ्हाईक येतं, हातात घेतं, हलवून बघतं आणि विचारतं, "फोडून दाखवता का?" फोडलं की ते खोकं माझं झालं. पुस्तकाचं तसं नाही. पोरगा उभ्या उभ्या दहा पानं चाळतो, ड्रॅगनचं चित्र दिसलं की बापाकडं बघतो. पुस्तक स्वतःला विकतं.

दुसरं, खोक्यात अर्धी हवा असते. मी एकदा सुरुवातीचा संच मागवला होता. आला तेव्हा झाकण असं बसलेलं की वरून बैलबंडी गेली असावी. आतली कार्डं चारी कोपऱ्यांना दुमडलेली. पार्सलवाल्यानं हात वर केले, पाठवणारा म्हणाला फोटो पाठवा, फोटो पाठवले, मग दोघंही गप्प. तो संच मी निम्म्या किमतीत माझ्याच भाच्याला दिला. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक मात्र त्याच रस्त्यानं येतं, कोपरा एखादा चेपतो, बाकी धडधाकट. तुमची बारकी पुस्तिकांची पेटी वरूडपर्यंत शाबूत येईल यावर मी दहा रुपयेही लावणार नाही.

नागपूरला_सध्या :
तुम्ही सगळे कागदावर का भांडताय ते समजत नाही. डी अँड डी बियाँडवर, म्हणजे कंपनीच्याच संकेतस्थळावर, एकानं पुस्तक घ्यायचं, वरचं सभासदत्व घ्यायचं, आणि आपल्या डावातल्या सगळ्यांना वाचायला द्यायचं. पाच फोन, पाच प्रती. मंत्र शोधायला चौकटीत नाव टाकलं की झालं. पांढरंसोनं दादाची वीस मिनिटांची फेरी दोन मिनिटांत संपेल. आमच्या वसतिगृहात असंच चालतं.

रातपाळी :
वसतिगृहात चालतंच हो. आमच्याकडं ज्याला एखादं पान उघडायचं तो पाण्याच्या टाकीवर चढतो.

पण रेंज आज नाही तर उद्या येईल, मला खरी भीती दुसरी आहे. ऑगस्ट 2024मध्ये, पुस्तक यायच्या तोंडावर, बियाँडवाल्यांनी जाहीर केलं की तिथल्या तुमच्या पात्राच्या शीटवरचे जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू नव्या नियमांप्रमाणं बदलतील. लोक खवळले, काही दिवसांत निर्णय मागं घेतला, हे त्यांच्या बाजूनं बोललंच पाहिजे. पण मागं घेतला म्हणून बदलता येत होतं हे खोटं ठरत नाही. माझ्या फडताळातलं पुस्तक रात्रीतून बदलत नाही. वाळवी लागेल, पण ती निदान दिसते.

नागपूरला_सध्या :
वाळवी दिसते तोवर पुस्तक गेलेलं असतं दादा. 😄 आणि पुस्तक हरवलं तर? फोन हरवला तरी खातं राहतं.

छपरीखालचा :
खातं राहते, पासवर्ड नाई राहत.

अनुस्वार :
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, सुट्टीत सातवी-आठवीच्या मुलांना हा खेळ शिकवते. पांढरंसोनं दादा, तुमचं दुखणं खरं आहे, उपाय मात्र तुम्ही चुकीच्या दारात मागताय.

या आवृत्तीचे मूळ नियम एप्रिल 2025मध्ये एसआरडी 5.2 नावानं फुकट दिले आहेत, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यावर. श्रेय लिहायचं, बाकी छापा, तोडा, जोडा, मराठीत आणा, विकासुद्धा. साडेतीनशेच्या वर पानं आहेत, राक्षसही त्यातच. सगळे बारा वर्ग आहेत, पण प्रत्येकाचा उपवर्ग एकच. विकतच्या पुस्तकात चार-चार, म्हणजे 48. तेवढं कमी.

मी काय केलं, तर मंत्रांची पानं वेगळी काढली, वर्गागणिक लावली, जादूगाराची पुस्तिका वेगळी, पुजाऱ्याची वेगळी. ज्याला लागेल ती त्याच्या हातात. पहिल्या पातळीचे मंत्र मराठीत केलेत. अडलं ते सेव्हिंग थ्रोवर, म्हणजे संकटातून वाचायला टाकायच्या फाशावर. मी मोठ्या हौसेनं "रक्षणफेक" लिहिलं होतं. पोरांनी फासा टाकला की ओरडतात, "वाचला का गा?" शेवटी पुस्तिकेत "वाचला-का" असंच छापलं. आता एक मुलगी विचारते, "मॅडम, कितीचा वाचला-का?" शब्दकोशवाले काय म्हणायचं ते म्हणोत.

पांढरंसोनं :
ताई, "वाचला-का" मी उद्यापासून चोरणार. पण बघा, तुम्ही सुट्टीत बसून जे कात्री-डिंकाचं काम केलंत ते मुळात कुणाचं? चार हजार घेणाऱ्याचं. खोकं काढता येत नाही असंही नाही. सप्टेंबर 2025ला त्यांनीच सुरुवातीचा संच काढला, कार्डं, टोकन, नकाशे, वेगवेगळ्या पुस्तिका, सगळं हातागणिक. किंमत तीच, 50 डॉलरला एक सेंट कमी. पण पात्र तिसऱ्या पातळीला पोचलं की तो संपतो. म्हणजे नवशिक्याला वाटून द्यायचं हे त्यांना कळतं, आणि चौथ्या पातळीला पोचलात की पुन्हा एका पुठ्ठ्याच्या रांगेत उभे राहा.

छपरीखालचा :
गहू इकत घेतला तर दळूनबी त्याईनंच द्यावा काय?

पांढरंसोनं :
चार हजाराचा गहू घेतला तर द्यावा. वर निवडूनही द्यावा.

जुनाखोका :
पाथफाइंडर नावाच्या असल्याच दुसऱ्या खेळाच्या कंपनीनं नोव्हेंबर 2023ला खेळाडूंचं आणि मास्टरचं पुस्तक एकाच दिवशी दिलं, नियम संकेतस्थळावर फुकट. तुमच्या मनासारखं. पण राक्षस मार्चला आणि अर्धे वर्ग दुसऱ्या पुस्तकात, पुढच्या ऑगस्टला. आमच्यातला एक जण आपल्या रासवट वर्गाची वाट बघत सोयाबीन पेरून मोकळा झाला. कुठून तरी फाटतंच.

तालुकास्टँड :
अनुस्वार ताई, ती पुजाऱ्याची पुस्तिका माझ्याकडंच छापली होती का? मधली पानं उलटी लागली होती तीच? असेल तर माझ्या पोराची चूक, फुकट पुन्हा करून देतो.

पांढरंसोनं भाऊ, तुम्हीही फाइल पाठवा. पाठपोट छापा, मधून दोन पिना, वर जाड रंगीत कागद. स्पायरल नको, बॅगेत एकमेकांत अडकतात आणि पहिलं पान फाटतं. वर्गागणिक रंग वेगळा ठेवू, अंधारात बॅटरीच्या उजेडात लांबून ओळखता येईल. फक्त शनिवारी येऊ नका, शनिवारी भरतीचे फॉर्म असतात, मशीन रिकामं नसतं.

पांढरंसोनं :
खोक्याचा हट्ट मी सोडलेला नाही, नोंद असावी. पण बुधवारी येतो. चार पुस्तिका : जादूगार निळा, पुजारीण पिवळी, आणि योद्ध्याला एकच पान बस झालं, तो तेही वाचत नाही. राक्षसांची माझी, काळी.

अनुस्वार :
श्रेयाची ओळ आत टाकायला विसरू नका. माझ्या फाइलमध्ये पहिल्या पानावर आहे, तीच उचला.

छपरीखालचा :
पुजारणीच्या पुस्तिकेत चौथ्या पानावर हळदीचा डागबी छापून घेजो भाऊ. नाई तर तुया बहिणीले आपली कोणती ते समजायचं नाई.