विषय: दारात पोलीस आले तर – हाच कागद इंदूरला पाठवू का?

प्रेषक: बंटी, एडिसन (अमेरिका)

मंडळी, नमस्कार.

आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीने इथल्या घरांसाठी 'दारावर पोलीस किंवा इमिग्रेशनवाले आले तर' हा जो कागद सगळ्यांना पाठवला, तो आमच्या फ्रिजवर लागला आहे. आता प्रश्न इंदूरचा. काल संध्याकाळी आईबाबांकडे दोन पोलीस येऊन गेले. वरच्या खोलीत एक मुलगा किरायाने राहतो. त्याच्या बँकखात्यात कुणाच्या तरी फसवणुकीचे पैसे येऊन पुढे गेले म्हणे. मुलगा गावी गेलाय, फोन बंद. पोलीस बाबांना म्हणाले, "अंकलजी, कल थाने आ जाइए, बयान देना है, पाँच मिनट का काम है." बाबा ७४ वर्षांचे, गुडघा नुकताच बदललेला. आईचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

हाच कागद हिंदीत करून त्यांना पाठवू का? पहिलीच ओळ 'दार उघडू नका' अशी आहे, म्हणून विचारतोय.

प्रेषक: दादा, सॅन होजे

बिनधास्त पाठव. इकडे काय किंवा तिकडे काय, घर आपलं आहे. वॉरंट दाखवा, नाहीतर बाहेरच उभे राहा. पोलिसांशी जितकं कमी बोलाल तितकं बरं, हे माझं पंचवीस वर्षांचं मत आहे आणि ते बदलणार नाही.

प्रेषक: नानाकाका, इंदूर

चि. बंटी, अनेक आशीर्वाद.

लेकीने मला या लिस्टवर घातलं ते गणपतीचे फोटो बघायला. पण जन्म जिल्हा कोर्टात फौजदारी वकिली करण्यात गेला, त्यामुळे इथे गप्प बसवत नाही. तो कागद इंदूरला पाठवू नकोस. तुमच्या तिकडे तो बरोबर असेल. अमेरिकेच्या घटनेची चौथी दुरुस्ती आहे (घराची मनमानी झडती नको म्हणणारी), कागदावर न्यायाधीशाची सही आहे की इमिग्रेशन खात्यातल्याच अधिकाऱ्याची, हे बघायचं असतं, आणि दाराच्या आतून बोललेलं चालतं. इथे तोच पवित्रा घेतला तर बाबा विनाकारण अडचणीत येतील. आपल्याकडे दखलपात्र गुन्ह्याच्या (ज्यात पोलीस विनावॉरंट अटक करू शकतात अशा) तपासात थाण्याचा, म्हणजे पोलीस ठाण्याचा, अधिकारी, वॉरंट आणण्यात वेळ जाऊन वस्तू हातची जाईल असं वाटलं तर, कारणं लिहून ठेवून विनावॉरंटही झडती घेऊ शकतो. कायदेशीर झडतीला आलेल्याला दार उघडून द्यायचं बंधन घरमालकावर आहे. नाही उघडलं तर ते तोडायचा अधिकारही त्यांना आहे.

तेव्हा दार उघडायचं. साखळी लावून का होईना, पण उघडायचं आणि आधी विचारायचं, "किस काम से आए हैं?" सगळं याच उत्तरावर आहे. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायला आलेला पोलीस, आरोपीला नोटीस बजावायला आलेला आणि झडतीला आलेला, दारात तिघेही सारखेच दिसतात. पण प्रत्येकाचा कायदा वेगळा.

तुझ्या बाबांचं प्रकरण साक्षीदाराचं आहे. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचं कलम १७९ बाबांना पाठ करायला लाव. साक्षीदाराला बोलवायचं तर लेखी आदेश लागतो, 'कल आ जाइए' म्हणजे आदेश नव्हे. आणि ६० वर्षांवरच्या पुरुषाला, १५ वर्षांखालच्या मुलाला, कुठल्याही वयाच्या बाईला, अपंगाला किंवा गंभीर आजारी माणसाला त्याच्या राहत्या घराबाहेर बोलावताच येत नाही. जुन्या कायद्यात ही मर्यादा ६५ होती, ती आता ६० झाली. म्हणजे बाबाही सुटले आणि आईही सुटली. जबाब घ्यायचा तर साहेबांनी घरी यावं. स्वतःच्या खुशीने जायचं असेल तर मुभा आहे, पण ही 'खुशी' कशी काढून घेतात ते मी फार वेळा पाहिलंय. जीप दारात उभी असते, शेजारचे गच्चीवर आलेले असतात, आणि म्हातारा माणूस लाजेनेच चपला घालतो.

बाबांनी हे भांडून सांगायचं नाही. व्हरांड्यात खुर्च्या टाकायच्या, पाणी विचारायचं. छातीवरची नावाची पट्टी वाचायची आणि वहीत त्यांच्यासमोरच पेनने लिहायचं: नाव, हुद्दा, थाणं, मोबाईल, गुन्हा क्रमांक. वही उघडली की निम्मा सूर आपोआप खाली येतो. मग म्हणायचं, "साहब, मैं पूरा सहयोग करूँगा. उम्र चौहत्तर है, कलम १७९ में बयान घर पर ही होगा. आप समय बता दीजिए." एवढंच. त्यांच्यासमोर थाण्याला फोन लावून ही माणसं खरंच तिथलीच आहेत का, याची खात्री करायलाही कुणी मनाई केलेली नाही. नंबर मात्र आपण शोधलेला हवा, त्यांनी दिलेला नको.

जबाब देताना जे माहीत आहे ते सांगायचं: मुलगा कधीपासून राहतो, किराया रोख देतो की खात्यात, करारनामा कुठे आहे. 'असेल बहुतेक', 'मला वाटतं' हे शब्द गिळायचे. स्वतःच्या अंगाशी येईल अशा प्रश्नाचं उत्तर न देण्याचा हक्क साक्षीदारालाही आहे, पण इथे तशी वेळ यायचं कारण दिसत नाही. आणि ही गोष्ट आईबाबांना दोनदा सांग: पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही लागत नाही. कलम १८१ तसं स्पष्ट म्हणतं. शेवटी हवालदार कागद पुढे सरकवून "बस यहाँ साइन कर दीजिए" म्हणतो ना, तिथे हात आखडायचा. नोटीस मिळाल्याची पोच वेगळी, ती तारीख आणि वेळ घालून द्यायची. कोऱ्या कागदावर सही तर देवाला सुद्धा देऊ नये.

आता वरची खोली. बाबांकडे दुसरी चावी असणारच. तोंडी सांगितलं म्हणून ती काढून द्यायची नाही. झडती घ्यायची असेल तर कायद्याने घ्या म्हणायचं. परिसरातले दोन तटस्थ पंच हवेत, मोबाईलवर का होईना पण व्हिडिओ चित्रण हवं (कलम १०५, हे नवं आहे आणि फार उपयोगाचं आहे), घरच्या माणसाला हजर राहू द्यायला हवं आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मिळायला हवी. यादीत 'मोबाईल एक' एवढंच लिहू देऊ नका. कंपनी, रंग, आयएमईआय (फोनचा स्वतःचा क्रमांक), काच फुटलीय की धड आहे, सगळं येऊ दे. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची.

अटकेचा इथे प्रश्न नाही, पण तुम्ही लोक रात्री तेच मनात आणता म्हणून लिहितो. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस ६० च्या वर किंवा दुर्बल असेल, तर पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. डिसेंबर २०२१ पासून इंदूरला पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे इथे त्या दर्जाचे म्हणजे एसीपी (सहायक पोलीस आयुक्त). अटकेची कारणं सांगायची, घरच्यांना कळवायचं, घरच्या किंवा मोहल्ल्यातल्या माणसाच्या साक्षीने अटकेचा पंचनामा करायचा आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. यातलं बरंचसं १९९६ च्या डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टाने घालून दिलं होतं. सूर्यास्तानंतर बाईला अटक नाही. अपवाद आहे, पण त्याला महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी हवी.

– नानाकाका

प्रेषक: छोटीताई, दुबई

काका, सविस्तर लिहिलंत, बरं झालं. माझ्या सासूबाईंना गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉल आला होता. वर्दीतला माणूस, मागे झेंडा, 'आप डिजिटल अरेस्ट में हैं'. त्या खोलीचं दार लावून बसल्या होत्या. कामवाली आली म्हणून निभावलं. हे खरे पोलीस की खोटे, हे म्हाताऱ्या माणसांनी ओळखायचं कसं? आणि व्हॉट्सॲपवर आलेली नोटीस खरी धरायची का?

प्रेषक: नानाकाका, इंदूर

छोटीताई, 'डिजिटल अरेस्ट' नावाची चीज कुठल्याच कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं होतं, ते सासूबाईंनी ऐकलं असेल. ओळखायची खूण म्हणाल तर अशी: खरा पोलीस शेजाऱ्यांना बोलवा म्हणतो, कारण त्याला पंच हवे असतात. खोटा म्हणतो, कुणाला सांगू नका. आणि पैसे 'तपासणीसाठी' कुठल्या खात्यात टाका असं कुठलंच थाणं सांगत नाही. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. पहिल्या तासा-दोन तासांत खातं गोठवता आलं तर काही हाती लागतं, नंतर बोंबलून उपयोग नसतो.

नोटिशीचं म्हणाल तर, आरोपीला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली हजर राहायची नोटीस नुसत्या व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलंय. तरी ती आली तर केराच्या टोपलीत टाकू नका, वकिलाला दाखवा. खरी निघाली आणि आपण गेलोच नाही, तर अटकेला आयतं कारण मिळतं.

दादा, पोलिसांशी कमी बोलावं हे मलाही मान्य आहे. पण दार बंद करणं म्हणजे कमी बोलणं नव्हे.

प्रेषक: दादा, सॅन होजे

काका, तुमच्याशी कोर्टात कोण वाद घालणार. पण आईवडील एकटे आहेत, त्यांना एवढी कलमं सुचतील का ऐनवेळी? माझ्या आईला तर वर्दी दिसली की स्वतःचं नाव आठवत नाही.

प्रेषक: बंटी, एडिसन

काका, आज सकाळी झालं सगळं. बाबांनी थाण्याच्या नंबरवर फोन करून तुमचंच वाक्य वाचून दाखवलं. पलीकडचा आधी जरा चढ्या आवाजात बोलला, मग म्हणाला, "ठीक है, हम ही आ जाते हैं." अकराला एक एएसआय (सहायक उपनिरीक्षक) आले. करारनामा आणि बँकेचं पासबुक यांच्या झेरॉक्स घेतल्या, जबाब लिहिला, सही मागितली. बाबा म्हणाले, "१८१." ते हसले आणि वही मिटली. आईने मात्र तुमचं ऐकलं नाही. नुसतं पाणी न देता पोहे केले, वर शेव घालून.

एक अडलंय. त्यांनी विचारलं, किरायेदाराची माहिती थाण्यात दिली होती का? बाबांनी नव्हती दिली. मुलगा ओळखीतून आला होता.

प्रेषक: नानाकाका, इंदूर

तिथेच गाडी अडते सगळ्यांची. किरायेदाराची माहिती देण्याचे आदेश पोलीस आयुक्त वेळोवेळी काढतात, आणि ते मोडले तर भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या) कलम २२३ खाली घरमालकावरच गुन्हा होऊ शकतो. बाबांना सांग, आजच माहिती भरा, मुलाच्या आधारची प्रत आणि करारनामा जोडा, पोच घ्या. मागची तारीख घालायचा शहाणपणा करू नका.

दादा, आईंसाठी एवढंच करा. एका कार्डावर मोठ्या अक्षरात तीन ओळी लिहा: किस काम से आए हैं, लिखकर दीजिए, बयान घर पर. खाली एका ओळखीच्या वकिलाचा आणि एका शेजाऱ्याचा नंबर. वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० लिहा. बाईला तिथे उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो, हे निम्म्या इंदूरला माहीत नाही. कार्ड दाराच्या आतल्या बाजूला लावा, देवघरात नको, तिथपर्यंत जायला त्या वेळी पाय चालत नाहीत. मजकुराला कार्यकारिणीची संमती असेल तर हिंदी-मराठी दोन्हीत टाईप करून रविवारपर्यंत पाठवतो. ग्वाल्हेर आणि बडोद्याच्या घरांनाही तोच चालेल, संहिता सगळीकडे एकच आहे. किरायेदाराच्या आदेशाचं तेवढं त्या त्या गावात विचारून घ्या.